खिडकीतला पाय

मी कुठं नोकरी करते हे आमची आई शेजारणींना कधी धड सांगायची नाही. ‘दवाखान्यात असते,’ एवढं म्हणून ती बोलणं भाजीच्या भावाकडे वळवायची. कारण खरं सांगायचं तर तिची शिकलेली, नर्सिंगची परीक्षा पास झालेली लेक दिवसभर लोकांचे पाय धुवायची. आम्ही तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळुरात आलेल्या घराण्यातले. घराण्याची तलवार कुठं गेली हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण तोरा तेवढा शाबूत होता. त्या तोऱ्यात माझं टमरेल आणि चिमटा कुठं बसणार!

मल्लेश्वरममधल्या एका जुन्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत आमचा पायांचा दवाखाना होता. डॉ. अनंतय्या तो चालवायचे आणि मी त्यांची एकुलती एक सिस्टर. पेशंट मात्र मला अक्का म्हणायचे, माझ्या आजोबांच्या वयाचेसुद्धा.

पायाचा दवाखाना म्हटलं की लोकांना मुरगळणं, काटा, कुरूप एवढंच आठवतं. तेही आमच्याकडे यायचं. पण आमचा खरा पेशंट म्हणजे न दुखणारा पाय. मधुमेहानं किंवा महारोगानं तळव्याची जाणीव गेली, की चपलेतला खिळा टोचलेला कळत नाही आणि निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही. आपण लंगडतो, बसतो, पाय चोळतो, म्हणून आपला पाय वाचतो. ही माणसं त्याच जखमेवर मैलभर चालून यायची आणि हसत विचारायची, ‘दुखत नाही हो अक्का, मग पट्टी कशाला?’ पाय कोमट पाण्यात भिजवायचा, घट्टे खरवडायचे, जखमेच्या कडेची मेलेली कातडी कापायची, पट्टी बांधायची आणि शेवटी दटावायचं, असं आमचं काम. त्यातलं दटावणं सगळ्यांत अवघड.

दाराशी मोठी पाटी होती, ‘चपला घालूनच आत यावे.’ कन्नड, तमिळ, इंग्रजी, तिन्ही भाषांत लिहिलेली. तिन्ही भाषांतले लोक ती वाचून पायरीशी चपला काढायचे. डॉक्टर म्हणजे देव, मग देवासमोर चपला न्यायच्या कशा? बधिर पायांनी अंगणातली खडी आणि तापलेली दगडी फरशी तुडवत ते भक्तिभावानं आत यायचे. एक पुजारी तर कातड्याला शिवणार नाहीत म्हणून बाहेरही अनवाणीच फिरायचे. त्यांना डॉक्टरांनी मोटारीच्या जुन्या टायरचा तळ आणि कापडी पट्टे लावून चपला करून दिल्या. त्यांनी त्या देवळाच्या दारापर्यंत मोठ्या ऐटीत वापरल्या आणि आमच्या दाराशी मात्र काढल्या. मी कपाळाला हात लावला.

मारुतीअण्णा टेलर आमच्याकडे आले ते सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी, त्यामुळे निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड बोलणारे. दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर त्यांचं दुकान. उजव्या पायाच्या अंगठ्यामागे, तळव्याला, रुपयाएवढी खोल जखम. मधुमेह जुना, पाय कधीचा बधिर. त्याआधी दुसरीकडे दाखवलं तेव्हा गुडघ्याखाली कापायला सांगितलं होतं. बायको गंगाक्का, तिच्या खांद्यावर हात टाकून ते आत आले. अर्थात अनवाणी.

‘‘अक्का, हात कापा म्हणालात तर एक वेळ विचार करतो,’’ ते म्हणाले. ‘‘पाय गेला तर मशीन कोण चालवणार? कात्री कुणीबी धरतंय. टेलर म्हणजे पाय की हो.’’

त्यांचं खरंच होतं. पायमशीनची ती जाळीदार पाटी, तिच्यावर तीस वर्षं त्यांचा उजवा पाय वर-खाली होत होता. आणि नेमकी तीच जागा सडत होती. डॉक्टरांनी जखम तपासली, पेन्सिलीएवढी सळई आत घालून पाहिली. हाडाला लागलेली नव्हती.

‘‘पाय वाचेल,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पण रोज इथं येऊन पट्टी. आणि मशीनला पाय लावायचा नाही. एकदासुद्धा.’’

‘‘मग खायचं काय?’’

‘‘हाताचं मशीन वापरा.’’

मारुतीअण्णांचा चेहरा असा झाला, की कापलेला पायच बरा. हाताचं मशीन बायकांचं, घरात उशांचे अभ्रे शिवायचं. पण गंगाक्कानं दुसऱ्याच दिवशी भावाकडून एक मशीन आणून दुकानात ठेवलं आणि स्वतः हँडल फिरवायला बसली. जखम भरू लागली. आणि तेवढ्यात फ्लू आला.

आधी मद्रासहून बातमी आली, मग माणसं आली, मग खोकला आला. आठवड्याभरात गल्लीत असं घर राहिलं नाही की जिथं कुणी पांघरूण घेऊन पडलेलं नाही. शाळा बंद पडल्या, टपाल उशिरा येऊ लागलं. आमच्या दवाखान्यात तर सगळे मधुमेहाचे, म्हातारे, हाडाचे सापळे. त्यांना फ्लू झाला तर छातीत उतरून माणूस जायचा. आणि फ्लूच्या भीतीनं घरी बसले तर पाय जायचा. कोपऱ्यावरची फुलं विकणारी एक बाई अशीच भीतीनं यायची थांबली. तिच्याकडे निरोप धाडले, ती आली नाही. साथ ओसरल्यावर आली ती पायाची बोटं गमावूनच. गजरे ओवणारी ती अजून माझ्या डोळ्यांपुढे येते आणि वाईट वाटतं.

डॉक्टर म्हणाले, ‘‘सिस्टर, महिनाभर बंद ठेवू या का?’’

मी म्हणाले, ‘‘बंद ठेवलं तर उघडल्यावर कापायला सर्जन लागेल, मी नको.’’

मग आम्ही दवाखानाच उलटा केला. बाकडी उचलून अंगणात करंजाच्या झाडाखाली लांब लांब मांडली. आधी एका घंगाळात चार जण पाय भिजवत गप्पा मारायचे, ते बंद. ज्यानं त्यानं घरून आपलं भांडं आणायचं. स्टोव्हवर चिमटे, कात्र्या दिवसभर उकळत. एका पेशंटनंतर मी हात धुवायची, लाल औषधाच्या पाण्यात बुडवायची, मगच दुसरा आत. ज्याला खोकला त्याला अंगणातूनच परत, घरच्या माणसाच्या हाती पट्टीचं सामान देऊन. मारुतीअण्णांसारख्या जखम भरत आलेल्यांची पट्टी रोज नाही, आठवड्यानं. आणि सगळ्यांच्या तोंडाला चार पदरी मलमलीची पट्टी. एवढ्या पट्ट्या आणायच्या कुठून? माझी नजर अर्थातच मारुतीअण्णांवर गेली.

‘‘हातमशीनवर होईल तेवढं करा,’’ मी म्हणाले.

‘‘सरी, करतो,’’ ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना त्या मशीनची लाज वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून पट्ट्यांचे गठ्ठे येऊ लागले. पांढऱ्या, नाड्या लावलेल्या, टाके असे सरळ की आमच्या आईनंसुद्धा उजेडात धरून पाहिले. मला कौतुक वाटलं. हँडल फिरवून एवढं काम होतं तरी कसं, हा विचार मनात आला नाही, कारण मी पाय बघणारी, मशीन बघणारी नव्हे.

त्यानंतर एका सकाळी मी बाहेर आले आणि जागीच थबकले. व्हरांड्यात पायरीपासून दारापर्यंत चपलांची रांग लागली होती. एकामागं एक, प्रत्येक जोडी नीट दाराकडे तोंड करून. आणि चपलांचे मालक पार तिकडे झाडाखाली, लांब लांब, अनवाणी, खडीवर उभे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

‘‘बघा की अक्का,’’ टायरवाले पुजारी तिथून ओरडले, ‘‘गर्दीच नको. माणसं लांब, नंबर चपलांचा. रेशनला आम्ही असंच करतो.’’

मी जी ओरडले, ती म्हणे शेजारच्या गल्लीत ऐकू गेली. बधिर पायाच्या माणसांना खडीवर उभं करून चपलांना सावलीत ठेवलेलं जगात दुसरीकडे कुठं झालं नसेल. ‘‘चपला पायात घाला! रांगेत घरची भांडी ठेवा, पिशव्या ठेवा, डोकी ठेवा, पण चपला नको!’’ लोक धावत आले तर पुन्हा गर्दी होणार, म्हणून मीच एकेक जोडी उचलून नेऊन द्यायला लागले. चौथी जोडी उचलली आणि हाताला ओलं लागलं. उजव्या चपलेत अंगठ्यामागे काळपट, चिकट डाग होता. मारुतीअण्णांची चप्पल.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते झाडाकडे पाहू लागले.

‘‘अण्णा, मशीनला पाय लावलात?’’

‘‘स्वल्प,’’ ते म्हणाले. मग गंगाक्काकडे चोरून बघत, ‘‘अक्का, हातमशीनवर दिवसाला मूठभर पट्ट्या होतात. इथं एवढी माणसं. तुम्ही तोंड न बांधता पडलात तर आम्हाला कोण?’’

गंगाक्का तिथंच रडू लागली. ती स्वयंपाकघरात गेली की हे पायमशीनवर. पट्टी सोडली तर जखम आधीपेक्षा खोल, कडा पांढऱ्या पडलेल्या. मला भयंकर राग आला. आणि माझ्या तोंडाला त्यांनीच शिवलेली पट्टी होती.

डॉक्टरांनी पुन्हा सळई घातली. अजूनही हाड लांब होतं, पण आता फार नाही. त्यांनी डबीतून तपकिरीची चिमूट घेतली. मग म्हणाले, ‘‘प्लास्टर.’’

हे औषध त्या काळी महारोग्यांच्या पायांसाठी काही ठिकाणी करत. मोडलेल्या हाडाला घालतात तसं प्लास्टर जखमेवरच घालायचं, बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत, आणि तसंच ठेवायचं. जखमेवर भारच येत नाही, म्हणून ती आपोआप भरते. आमच्यासाठी आणखी दोन फायदे. एक, पेशंटला रोज आत येऊन पट्टी करून घ्यायला नको, साथीत तेवढाच संपर्क कमी. दुसरा, प्लास्टर घातलेल्या पायानं मशीन चालत नाही. पण एक धोका होता. आत जखम चिघळली तर दिसणार नाही, आणि बधिर पायाला दुखणारही नाही. कळायची एकच वाट, वास. रोज हुंगायचं. सडल्याचा वास आला की लगेच कापून काढायचं, उशीर झाला तर प्लास्टरबरोबर पायही कापायचा.

‘‘हुंगणार कोण?’’ मी विचारलं.

डॉक्टरांनी तपकिरीची चिमूट नाकात सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं तपकीर ओढणाऱ्या माणसाला मोगरा आणि रॉकेल यातला फरक कळत नव्हता. उरलं एकच नाक.

आता हुंगायचं तर तोंडावरची पट्टी खाली करायला हवी, आणि पेशंटसमोर पट्टी खाली करायची नाही हा माझाच नियम. त्यातून आम्ही वाट काढली ती अशी. रस्त्याकडच्या खिडकीखाली बाहेरून दगडी कट्टा होता. मारुतीअण्णा रोज सकाळी काठी टेकत येऊन त्यावर बसायचे, प्लास्टरचा पाय उचलून खिडकीत ठेवायचे आणि तोंड रस्त्याकडे फिरवायचे. मी आतून पट्टी खाली करायची, पायाशी वाकायची, बोटांपाशी, टाचेपाशी, वरच्या कडेपाशी हुंगायची, पट्टी वर करायची आणि म्हणायची, ‘‘ठीक.’’ मग ते पाय काढून घ्यायचे.

रस्त्यानं जाणाऱ्यांना काय दिसायचं? एक म्हातारा खिडकीत पाय टाकून रस्त्याकडे बघत ऐसपैस बसलाय आणि आत एक पांढऱ्या कपड्यातली बाई त्याचा पाय हुंगतेय. दूधवाला सायकलवरून पडता पडता वाचला. ही बातमी आमच्या आईपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ती जेवताना म्हणाली, ‘‘धुवायचीस तिथपर्यंत मी कसंबसं सांभाळलं.’’

ओल्या चुन्याचा वास, घामाचा वास, जुन्या कापडाचा वास, हे सगळे चांगले वास. मी रोज ते ओळखून सुटकेचा श्वास टाकायची. गंगाक्का नवऱ्याबरोबर यायची आणि चार हात लांब उभी राहून बघायची. तिलाही मी शिकवलं, कसला वास चालतो, कसला नाही. बरं झालं शिकवलं ते. कारण एका सकाळी मला अंथरुणातून उठवेना.

ताप, अंगदुखी, आणि नाक असं बंद की हिंगाची डबी उघडून आईनं समोर धरली तरी पत्ता नाही. एवढी काळजी घेऊनही मला फ्लूनं गाठलंच. नियमाप्रमाणे मी घरी आणि गंगाक्काचं नाक कामावर. ती रोज प्लास्टर हुंगून आमच्या फाटकाबाहेर येऊन उभी राहायची आणि रस्त्यावरून ओरडायची, ‘‘अक्का, ठीक!’’ आई खिडकी लावून घ्यायची, मी उघडायला लावायची.

ताप उतरला, पण नाक बंदच होतं. त्याच सुमारास एक दिवस गंगाक्का आली आणि ओरडली नाही. फाटकाला धरून उभी राहिली. मी तशीच दारात आले.

‘‘वास येतोय अक्का,’’ ती म्हणाली. ‘‘घाण वास. कालबी होता, मी म्हटलं माझ्या मनाचे खेळ. आज लांबूनच येतोय.’’

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, सकाळी प्लास्टर कापायचं, आणि आत बिघडलं असेल तर तसंच मोठ्या दवाखान्यात न्यायचं, कपडे बरोबर आणा. मारुतीअण्णा दुकानात जाऊन पायमशीनवर चादर टाकून आले होते, असंही तिनं सांगितलं. मला त्या चादरीचं जास्त वाईट वाटलं.

सकाळी आईला न विचारता मी निघाले. आत जायचं नाही हा माझाच नियम होता, म्हणून तोंड बांधून खिडकीबाहेरच्या कट्ट्याला धरून उभी राहिले. आत मारुतीअण्णा टेबलावर, गंगाक्का कोपऱ्यात कपड्यांची पिशवी छातीशी धरून. डॉक्टर करवतीनं प्लास्टर कापत होते. करवतीचा आवाज मी शेकडो वेळा ऐकला असेन, पण त्या दिवशी कानांवर हात ठेवावेसे वाटले. चुन्याची धूळ उडाली. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कवच फाकवलं.

पोटरीच्या बाजूनं काहीतरी गळून पडलं. टेबलावर, मग जमिनीवर. पिवळट, लिबलिबीत तुकडे. आणि माझ्या इतके दिवस बंद असलेल्या नाकात पहिला वास शिरला.

‘‘लसूण!’’ मी बाहेरून ओरडले. ‘‘डॉक्टर, हा सडका लसूण आहे!’’

डॉक्टरांनी मान वर केली. गंगाक्कानं नवऱ्याकडे पाहिलं. मारुतीअण्णा छताकडे बघू लागले.

‘‘कुणी घातला हा?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘मीच,’’ ते म्हणाले. ‘‘अक्कांना फ्लू झाला. त्यांचं नाक रोज कुठं असायचं? इथं. मग तो फ्लू इथनं आत शिरला असणार की नाही? सगळे गळ्यात लसूण बांधतात, पण पाय बिचारा आत कोंडलेला. म्हटलं, त्यालाबी स्वल्प राखण असू दे, अन् वरच्या कडेतून चार पाकळ्या आत सरकवल्या. नंतर विसरूनच गेलो.’’

डॉक्टर हसले नाहीत. अजून तळवा दिसला नव्हता. त्यांनी कापूस हलक्या हातानं सोडवला, पाय उचलला, खाली वाकून पाहिलं. मग टेबल खिडकीकडे ढकललं आणि मारुतीअण्णांचा पाय उचलून आतून खिडकीत ठेवला. तळवा माझ्याकडे.

जखम नव्हती. जिथं रुपयाएवढी विहीर होती तिथं कोवळी, गुलाबी, चकचकीत कातडी होती, तान्ह्या बाळाच्या टाचेसारखी. मी बोट लावून पाहिलं, दाबून पाहिलं. कोरडी ठणठणीत. एवढे पाय पाहिले, पण आनंदानं रस्त्यात उभी राहून मोठ्यानं रडले ती त्याच पायासाठी. गंगाक्कानं पिशवी टाकून दिली आणि नवऱ्याला पाठीत एक धपाटा घातला, लसणाबद्दल. तो दिवस आम्हा सगळ्यांचा होता. डॉक्टरांनी आनंदाच्या भरात मलाही तपकीर देऊ केली.

पुढे डॉक्टरांनी पायमशीनच्या पाटीवर जाड स्पंजाची गादी बसवून घ्यायला लावली आणि रोज काम संपल्यावर तळवा आरशात बघायची शपथ घातली. साथ ओसरली. आमच्या अंगणातून एकही पेशंट फ्लूनं गेला नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. त्या मलमलीच्या पट्ट्या नंतर कितीतरी वर्षं आईनं दूध गाळायला वापरल्या, आणि ‘आमच्या लेकीच्या दवाखान्यातल्या’ असं आल्यागेल्याला आपणहून सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, मारुतीअण्णांनी मला दुकानात बोलावलं. पायमशीनला शेवंतीच्या माळा, चाकाला कुंकू, समोर फोडलेला कोहळा. हातमशीनलाही एक लहानशी माळ होती. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, खडीसाखर दिली आणि अचानक समोर येऊन वाकले. माझ्या पायांशी!

मी ताडकन पाय वर घेतले. ‘‘अण्णा, हे काय? तुम्ही वडिलांच्या वयाचे!’’

‘‘गप बसा अक्का,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही भर रस्त्यावर माझ्या पायापुढे रोज नाक वाकवलंत. मला एकदा डोकं वाकवू द्या.’’

आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. जन्मभर देवापुढे, डॉक्टरपुढे, दाराशी चपला काढणारा तो माणूस. मी खाली पाहिलं तर त्यांच्या दोन्ही पायांत चपला होत्या, पट्टे घट्ट लावलेल्या.